झाड तुटले, पाखरू कुठे गेले?

आपल्याकडे एक बोलणे नेहमी कानावर येते. झाड तोडताना कुणी हळहळला, की दुसरा म्हणतो, "अहो, पाखराला पंख हायेत. हे झाड गेलं तर ते दुसऱ्या झाडावर जाऊन बसंल. त्याला काय सातबारा लागतो?"

ऐकायला हे खरे वाटते. मीसुद्धा पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. एकदा तर मी स्वतः असे बोललो, आणि माझ्या सहीने एक चांगले झाड गेले. ती हकिगत आधी सांगतो. मग पाखराचे काय होते ते पाहू.

शाळेचे उंबर

मी कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात मुख्याध्यापक होतो. शाळेच्या मागे एक जुने उंबर होते. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढे त्याचे खोड. खोडाला वरच्या अंगाला एक ढोली होती. त्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. दिवस मावळला की दोघे बाहेर येऊन बसत आणि मान हलवीत. उन्हाळ्यात त्यांची पिल्ले ढोलीतून तोंडे बाहेर काढीत. मुलांना त्याची फार मौज वाटे.

पुढे शाळेला भिंत बांधायचे ठरले. उंबर भिंतीच्या आड येत होते. भिंत चार हात आत घेतली असती तर झाड वाचले असते. पण तेवढी जागा कमी झाली असती. गावाने ठराव केला. मी कागदावर सही केली. दोन दिवसांत झाड आडवे झाले.

तिसरीतल्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, पिंगळे कुठं गेले?"

मी म्हणालो, "दुसऱ्या झाडावर गेले."

ती म्हणाली, "कोणत्या?"

मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सारे गाव फिरलो. झाडे होती. लिंब होते, बाभळी होत्या, सुबाभळी होत्या. पण ढोलीचे झाड मला एकही सापडले नाही. पिंगळे शाळेकडे पुन्हा आले नाहीत.

"कोणत्या झाडावर?" हा त्या मुलीचा प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर आज देतो.

दुसरे झाड रिकामे नसते

समजा, एका गावात शंभर घरे आहेत आणि शंभर कुटुंबे राहतात. वीस घरे पडली. आता त्या वीस कुटुंबांनी जायचे कुठे? शेजाऱ्याच्या घरात चार दिवस राहता येईल. कायमचे राहता येणार नाही.

पाखरांचेही असेच आहे. रानातले प्रत्येक झाड कुणाचे तरी असते. पाखरांची जोडी आपली हद्द राखते. कोतवाल पाहा. अंगाने एवढासा, पण घरट्याजवळ घार आली तरी तिच्यावर झेप घेतो. मग ज्यांचे झाड तुटले त्यांना तो कसा येऊ देईल? बाहेरून आलेली जोडी हाकलली जाते. ती उघड्यावर राहते. तिला चारा कमी मिळतो. शिकारी पक्षी आणि मांजर तिला गाठतात. ती जगली, तरी त्या वर्षी अंडी घालीत नाही. असे दोनचार वर्षे झाले की ती जातच त्या शिवारातून नाहीशी होते.

म्हणजे झाड तोडले त्या दिवशी पाखरू मरत नाही. म्हणून आपल्याला वाटते की काही बिघडले नाही. नुकसान पुढे होते, आणि ते हळूहळू होते.

झाड म्हणजे माडी

झाडाला मजले असतात. प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाड.

तळाला, गवतात आणि पाचोळ्यात तितर आणि लावा अंडी घालतात. रातवा तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. झुडपात बुलबुल असतो. पाने शिवून घरटे करणारा शिंपीही तिथेच. खोडावर सुतारपक्षी. शेंड्याला घार आणि गरुड. मोर दिवसभर खाली चरतो, पण रात्री उंच झाडावर जाऊन बसतो.

यात सर्वांत अवघड बिऱ्हाड ढोलीतले. सुतारपक्षी आणि तांबट यांची चोच कठीण असते. ते वाळक्या लाकडात आपले भोक आपण पाडतात. पण पिंगळा, मैना, दयाळ यांना भोक पाडता येत नाही. पोपटही बहुधा आयतेच भोक घेतो आणि ते थोडे मोठे करतो. सुतारपक्ष्याने सोडलेल्या घरात ही मंडळी राहायला येतात. सुतार गेला की त्याचे भाडेकरूही गेले.

धनेश पक्ष्याचे तर नवलच आहे. मादी ढोलीत शिरते आणि चिखलाने व विष्ठेने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत अंडी घालते, पिल्ले उबवते. नर बाहेरून उंबराची, वडाची, पिंपळाची फळे आणून त्या फटीतून तिला भरवतो. अशा वेळी ते झाड तुटले तर काय होईल, ते सांगायला नको.

आता ध्यानात घ्या. ढोली नव्या झाडाला नसते. झाड जुने व्हावे लागते. फांदी मोडावी लागते, आतले लाकूड कुजावे लागते. याला पन्नास वर्षेही लागतात. "एक झाड तोडले तर दहा रोपे लावू," असे आपण म्हणतो. रोपे जरूर लावा. पण दहा रोपांत एकही ढोली नसते. पिंगळ्याने पन्नास वर्षे थांबायचे कसे?

बारा महिन्यांची शिदोरी

घराबरोबर अन्नाचाही विचार करू. आपल्याकडचे रान पानझडीचे. माघ-फाल्गुनात पाने गळतात. रान कोरडे ठाक होते. त्याच वेळी पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. त्या लाल फुलांत मध असतो. मैना, बुलबुल, पोपट, कोतवाल तिथे गोळा होतात. पुढे कडक उन्हात वड आणि पिंपळ फळतात. उंबर वर्षातून अनेकदा फळते. मग जांभळे येतात, लिंबोळ्या येतात. हिवाळ्यात बोरे येतात.

ही पाखरांची बारा महिन्यांची शिदोरी आहे. यातले एक झाड गेले की एका महिन्याची भाकरी गेली. अकरा महिने पोटभर खाल्ले, तरी बाराव्या महिन्यात उपास पडला तर जीव जगत नाही. आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. ही झाडे नसतील तर हरियालही नसेल.

रानपिंगळ्याची गोष्ट

हे सारे खरे कशावरून, असे कुणी विचारील. त्याला रानपिंगळ्याची गोष्ट सांगावी.

गावातल्या पिंगळ्याचा एक भाऊबंद रानात राहतो. त्याला रानपिंगळा म्हणतात. गावच्या पिंगळ्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके साधे, जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. तो दिवसाही शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर, टोळ खातो. सागाच्या रानात, जुन्या झाडाच्या ढोलीत घर करतो.

हा पक्षी १८७२ साली आजच्या छत्तीसगडात एका इंग्रज अंमलदाराला मिळाला. ह्यूम नावाच्या पक्षितज्ज्ञाने १८७३ साली त्याचे वर्णन छापले. त्यानंतर डेव्हिडसन नावाच्या साहेबाला तो खानदेशात मिळाला. साल होते १८८४. पुढे तो कुणालाच दिसला नाही. शंभर वर्षे उलटली. हा पक्षी पृथ्वीवरून गेला, असेच पुष्कळ लोक धरून चालले.

मध्येच एक घोटाळा झाला होता. माइनर्टझागेन नावाच्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मारला, अशी चिठ्ठी एका पक्ष्याला बांधून ठेवली होती. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या विदुषींनी ती तपासली. चिठ्ठी खोटी निघाली. तो पक्षी डेव्हिडसननेच पूर्वी मिळवलेला होता. माइनर्टझागेनने तो संग्रहालयातून चोरला होता. आपण नुकते वाचायला शिकलो आहोत. तेव्हा हेही शिकून ठेवू, की लिहिलेले सगळेच खरे नसते. ते पडताळावे लागते.

खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेनबाई आणि त्यांचे दोन सोबती, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट, खऱ्या जागी शोधायला निघाले. १९९७ सालच्या नोव्हेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा त्यांना दिसला. तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यात होते, आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. ११३ वर्षांनी हा पक्षी सापडला. कन्नडचा घाट उतरला की खानदेश लागतो. म्हणजे ही गोष्ट काही फार लांबची नाही.

पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट, ठाणे जिल्ह्यातले तानसा अशा रानांतही तो आढळला. पण आजही त्याची संख्या थोडीच आहे. कारण रान तुटून त्याचे तुकडे झाले आहेत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचे तर मध्ये शेत, रस्ता, वस्ती. तुकडा लहान झाला की कावळ्यासारखे धीट पक्षी कडेने आत शिरतात आणि अंडी-पिल्ले पळवतात.

आता दोघा भाऊबंदांची तुलना करा. गावचा पिंगळा जुन्या भिंतीच्या भोकात, पडक्या वाड्यात, आमराईत कसाबसा भागवतो. रानपिंगळ्याला रानच लागते. म्हणून गावचा पिंगळा अजून ठिकठिकाणी दिसतो आणि रानपिंगळा दुर्मिळ झाला. कावळे, पारवे, साळुंक्या आपल्याला रोज दिसतात. त्यामुळे वाटते, पाखरे तर पुष्कळ आहेत. पाखरे आहेत, पण त्यांच्या जाती कमी होत चालल्या आहेत.

सगळा दोष कुऱ्हाडीचा नाही

न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. सगळी पाखरे झाड तोडल्यानेच कमी झाली, असे नाही. गिधाडे कमी झाली ती मुख्यतः एका औषधाने. दुखण्यावर गुराला डायक्लोफिनॅक टोचीत. ते गुरू मेले की त्याचे मांस खाऊन गिधाडे मरत. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

माळढोकाचे तर उलटेच आहे. त्याला मोकळा गवताळ माळ लागतो. सोलापूरकडे नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. पण माळ नांगरले गेले, काही माळांवर झाडेही लावली गेली. आता तिथे माळढोक क्वचितच दिसतो. म्हणून रान तिथे रान असावे आणि माळ तिथे माळ. दिसेल तिथे रोप खोवणे म्हणजे पाखरांची सेवा नव्हे.

आपल्याला काय त्याचे?

आमच्या वर्गात एक मावशी येतात. हे सारे ऐकून त्या म्हणाल्या, "गुर्जी, चूल पेटवायला लाकूड लागतंच की. गॅसची टाकी दर म्हैन्याला परवडत न्हाई. मी पाखराचं बघू का लेकराचं?"

प्रश्न रास्त आहे. बहात्तरचा दुष्काळ मी लहानपणी पाहिला आहे. लोकांनी गुरांसाठी झाडांचा पाला ओरबाडला. चुलीसाठी आणि विकण्यासाठी फांद्या तोडल्या. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाला काय बोल लावायचा? मी मावशींना एवढेच म्हणालो, "मावशी, खाली पडलेली काटकी खुशाल आणा. उभे जुने खोड तेवढे सोडा. तेच लेकरांच्याही कामाचे आहे."

कसे कामाचे? सांगतो. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. कोतवाल, साळुंकी, बगळा या अळ्या वेचतात. म्हणून तर शेतीखाते सांगते, की हरभऱ्यात एकरी वीसेक पक्षिथांबे, म्हणजे आडव्या काठीचे खुंट रोवा. पण आधी शिवारात पाखरू असेल तरच ते थांब्यावर बसेल. पिंगळा आणि घुबड उंदीर खातात. पिंगळा ओरडला की अपशकुन झाला असे आपण म्हणतो. खरे तर तो आपल्या कणगीचा राखणदार आहे. शाळेचे उंबर गेल्यावर आमच्या खिचडीच्या तांदळाला उंदीर फार लागले. ते त्यामुळेच झाले, असे मी छातीठोक म्हणणार नाही. पण तेव्हा मला पिंगळ्यांची आठवण आली, एवढे खरे.

आणखी एक. तुमच्या बांधावरचा लिंब कुणी लावला? बहुधा कुणीच नाही. पाखराने लिंबोळी खाल्ली आणि बी बांधावर टाकले. वडाचे, पिंपळाचे, उंबराचे बीही पाखराच्या पोटातून लांब जाते. म्हणजे झाड पाखराला पोसते आणि पाखरू झाड पेरते. झाड तोडले की पाखरू कमी. पाखरू कमी झाले की नवे झाड कमी. हे चाक उलटे फिरू लागले, की थांबवणे कठीण.

आपण काय करावे?

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात, शंभर एकरांत दहा एकरही जंगल नाही. सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांत गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली झाले. आपला जिल्हा आणि जळगाव मिळून ते सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ६४ हजार एकर आहे. तिथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी आहेत. ते सरकारने राखले आहे. पण ते रान आणि आपले गाव यांच्यामध्ये बांधावरची, ओढ्याकाठची, देवळामागची झाडे हीच पाखरांची वाट आहे. ती राखणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी या गोष्टी करा.

१. ढोलीचे झाड तोडू नका. वाळले असले तरी राहू द्या. घरावर किंवा रस्त्यावर पडायचे भय असेल तर धोक्याची फांदी तेवढी काढा.

२. फांद्या छाटायच्या तर दिवाळीनंतर, थंडीत छाटा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पुष्कळ घरट्यांत अंडी-पिल्ले असतात.

३. रोपे आपल्या मातीतली लावा. वड, पिंपळ, उंबर, लिंब, जांभूळ, बोर, पळस. पांगारा तर फांदी खोवूनही येतो.

४. मोहाची फुले वेचताना किंवा चांगले गवत यावे म्हणून रानात आग लावू नका. वणव्यात तितर, लावा, रातवा यांची अंडी जळतात.

५. कायदा जाणून घ्या. महाराष्ट्रात १९६४ सालचा झाडतोडीचा कायदा आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन अशी झाडे आपल्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आता शेवटचे काम सांगतो. हे काम लिहिणाऱ्याचे आहे. म्हणून ते तुम्हीच करू शकता.

एक कागद घ्या. दोघे-तिघे मिळून शिवार फिरा. ज्या झाडाला ढोली आहे त्याचे नाव लिहा. ते कुणाच्या शेतात, कोणत्या ओढ्याकाठी आहे ते लिहा. त्यात कोणते पाखरू राहते ते लिहा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. ही यादी ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवा. गावच्या जैवविविधता नोंदवहीत ती लिहून घ्या असे ग्रामपंचायतीला सांगा. २००२ सालच्या कायद्याने अशी नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी.

माझ्या शाळेच्या उंबराची अशी नोंद कुठेच नव्हती. ठराव वाचला गेला तेव्हा त्यात "एक झाड" एवढेच लिहिले होते. "ढोलीचे झाड, त्यात पिंगळ्याची जोडी" असे त्यात असते, तर सभेत कुणीतरी थांबून विचार केला असता. मीही सही करण्याआधी थांबलो असतो.

उद्या तुमच्या गावात कुणी म्हणाले, की पाखरू दुसऱ्या झाडावर जाईल, तर भांडू नका. शांतपणे विचारा, "कोणत्या?" आणि आपली यादी पुढे ठेवा.